रंगीत कुमुदांचे कोडे

युरोपातल्या तळ्यांतील कुमुदे, म्हणजे वॉटर लिली, बहुतेक पांढरीच असत. उष्ण प्रदेशांतील लाल-निळ्या जाती युरोपच्या हिवाळ्यात तगत नसत. फ्रान्समधील लातुर-मार्लियाक यांनी थंडी सोसणाऱ्या पांढऱ्या जातींचा मेक्सिकोतील पिवळ्या व स्वीडनमधील लाल कुमुदांशी संकर केला. १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात ही रंगीत कुमुदे झळकली. १८९४ मध्ये चित्रकार क्लोद मोने यांनी आपल्या तळ्यासाठी त्यांच्याकडूनच रोपे मागवली.

यांतल्या बऱ्याच जाती वांझ, बी न धरणाऱ्या. मग त्या आजवर टिकल्या कशा? गड्ड्याचे तुकडे लावून! पण कोणत्या संकरातून कोणते फूल आले, हे मार्लियाक यांनी फारसे उघड केलेच नाही. १९११ मध्ये ते वारले. रोपे उरली, रीत हरवली. प्रयोगाची नोंद का ठेवायची, हे विद्यार्थ्यांना यावरून सांगता येईल.