डांबर, पाणी आणि अस्मादिक

कुठलेही काम टाळायचे असेल तर आधी त्याचा इतिहास वाचायला घ्यावा, असा माझा बावीस वर्षांच्या बँकेतल्या नोकरीचा अनुभव आहे.

नवी मुंबईत पामबीच रस्त्याला लागून करावे गाव आहे, तिथे आमची आठ बिऱ्हाडांची सोसायटी. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत तीस पावलांचा डांबरी रस्ता. फाटकाच्या आत असल्यामुळे तो महापालिकेचा नाही, आणि दुरुस्तीची गोष्ट निघाली की तो सोसायटीचाही राहत नाही. ऑगस्टात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात आईचा पाय गेला आणि मनगट मोडले. सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघाले, पण आई काही फाटकाबाहेर पडेना. "इथूनच दिसतं की सगळं," म्हणायची. इथून फक्त समोरच्यांची मोटार दिसते.

सभा झाली. ठेकेदाराने अठ्ठेचाळीस हजार सांगितले होते. आठपैकी सहा सभासदांनी तत्त्वतः मान्यता दिली. तत्त्वतः म्हणजे पैसे न देता. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले, "मीच करतो." बी.कॉम.ला खड्डे हा विषय नव्हता. म्हणून वाचायला बसलो.

पहिला धक्का नावाचाच. आपण ज्याला डांबर म्हणतो ते मुळात दगडी कोळशापासून निघायचे. आज रस्त्यावर पडते ते बिटुमेन, म्हणजे खनिज तेल गाळून पेट्रोल, डिझेल वगैरे मानकरी निघून गेल्यावर तळाशी उरणारा गाळ. वस्तू बदलली, नाव तेच राहिले. आमच्या बँकेत साहेब बदलतात तसे. आणि ही वस्तू काल-परवाची नाही. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाला पाणी झिरपू नये म्हणून तिचा थर दिलेला होता. म्हणजे रस्त्यावर येण्याच्या कितीतरी आधी ही वस्तू पाणी अडवायच्या नोकरीत होती!

रस्त्यांचा आद्यपुरुष जॉन मॅकॅडम (१७५६–१८३६). त्याच्या रस्त्यात डांबराचा थेंब नव्हता. त्याचे म्हणणे एवढेच, की खालची माती कोरडी ठेवा, ती कितीही वजन पेलेल. म्हणून रस्ता आजूबाजूपेक्षा उंच, मध्ये फुगीर, वर फोडलेली खडी. घोडागाडीला हे पुरले. मोटारी आल्या आणि त्यांच्या चाकांनी खडीतली धूळ उडवून दिली. १९०१ साली इंग्लंडात हूली नावाच्या अधिकाऱ्याला एका लोखंडाच्या कारखान्याजवळ डांबराचे पिंप सांडलेले दिसले. कोणीतरी त्यावर भट्टीची मळी टाकून ते झाकले होते, आणि तेवढाच तुकडा गुळगुळीत, बिनधुळीचा झाला होता. १९०२ मध्ये त्याने पेटंट घेतले. आमच्याकडे पिंप सांडले असते तर चौकशी समिती बसली असती.

पण समित्यांना हसू नये. १९२७ साली हिंदुस्थानातल्या रस्त्यांसाठी बसलेल्या समितीचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. त्यांनी सुचवले, की रस्ते खराब करते मोटार, तर पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवा. १९२९ मध्ये तसा निधी झाला, १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस, आणि १९४३ मध्ये देशभरच्या मुख्य अभियंत्यांनी नागपुरात बसून वीस वर्षांची योजना आखली. हे वाचून मी सोसायटीत मोटारमालकांवर जयकर-कर सुचवला. मोटारी सहा. ठराव सहा विरुद्ध दोन मतांनी पडला.

शेवटी जानेवारीत पदरच्या पैशाने कोल्ड मिक्सच्या चार पिशव्या आणल्या. ही खडी तापवावी लागत नाही. खड्ड्यात ओतली, फळीने चोपली, सौ.ने फोटो काढला. सतराव्या दिवशी खडी सुटी होऊन सगळीकडे पसरली. मी गालिचा म्हणालो, आई काही बोलली नाही.

मागच्या आळीत एक नाखवा राहतात. एके काळी त्यांची होडी होती, खाडीच्या कडेला भातशेती होती. फाटकाशी उभे राहून म्हणाले, "सायेब, डांबर नंतर. पानी कुठून येतंय ते बगलंव का?"

बगलं नव्हतं. वरच्या टाकीचा ओसंडपाइप रोज सकाळी अर्धा तास नेमका तिथेच वाहत होता. नाखव्यांनी टाचेने जमिनीवर रेघ ओढली. ही सगळी खाडीकाठची जमीन. बांध घालून खारे पाणी अडवायचे आणि उघाडीतून पावसाचे बाहेर सोडायचे, यावर इथल्या लोकांची शेती चाले. १९७० मध्ये सिडको आली, पंच्याण्णव गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, भराव पडला, सेक्टर उठले. "तुमच्या फाटकाखालून आमची उघाडी जायाची," ते म्हणाले. "बांध गेला, पानी ईसरलं नाय." होडीला डांबर फासतानाही आधी फळी हाडासारखी सुकवायची, नाहीतर डांबर फळीला नाही, पाण्याला चिकटतं, हेही त्यांनीच सांगितले. मॅकॅडमची आणि नाखव्यांची ओळख नसावी.

मग मे महिन्यात रीतसर केले. आधी पाइप वळवून वीतभर रुंदीची गटारी काढली. खड्ड्याच्या कडा छिन्नीने सरळ उभ्या कापल्या, कारण उतरत्या कडेवर पातळ थर लगेच तुटतो. माती झाडली, चार दिवस ऊन खाऊ दिले. तळाला आणि कडांना इमल्शनचा हात दिला. हे लावताना चॉकलेटी असते. त्यातले पाणी सुटले की काळे होते, आणि काळे झाल्यावरच खडी टाकायची. दोन-दोन इंचांचे थर, प्रत्येकावर नाखव्यांकडची धुमस. वरचा थर बोटभर उंच ठेवला, कारण चाकाखाली तो बसतो. शेवटी पूर्ण तीस पावलांवर इमल्शन फासून बारीक वाळू पसरायची होती. हात रॉकेलने धुतले, तरी पंधरा दिवस मी नोटा मोजताना गिऱ्हाईक माझ्या नखांकडे बघत होते.

वाळू आणायला मी मागे गेलो, तेवढ्यात आई पायऱ्या उतरली. चॉकलेटी रंग बघून तिला चिखल वाटला, आणि चिखल झाला म्हणजे नळ फुटला, हे सांगायला ती तरातरा फाटकापर्यंत गेली. थेट बाहेर. नऊ महिन्यांनी.

त्यानंतर एक पावसाळा झाला. खड्डा जागेवर आहे, म्हणजे भरलेला आहे. गटारीतून पाणी जाते. रस्त्याच्या मधोमध आईच्या चपलेचे अकरा ठसे उमटले आहेत, आणि सोसायटीच्या वार्षिक सभेच्या इतिवृत्तात त्यांची नोंद 'कामातील त्रुटी' अशी झाली आहे.