पणजोबांची उर्दू, माझी जर्मन

ऑनसाइटच्या आशेने मी डुओलिंगोवर जर्मन शिकतोय. जाहिरातींना कंटाळून परवा पैसेही भरले! 2011 साली सुरू झालेली ही कंपनी बहुतेकांना फुकट शिकवते, कमाई मात्र मुख्यतः थोड्याशा वर्गणीदारांकडून करते.

हदगावच्या आमच्या पणजोबांना असा पर्याय नव्हता. गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात. कारभार उर्दूत, 1918 च्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. घरात मराठी असली तरी सरकारी नोकरी हवी तर उर्दू शिका. वर्गणी नाही, पण कॅन्सलचं बटणही नाही :)

1948 ला संस्थान गेलं, हळूहळू उर्दूचं वजनही. 2023 ला कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरं उघडली, तेव्हा उर्दू नि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. पणजोबांच्या ट्रंकेतले कागद आमच्याही घरात कुणालाच वाचता येत नाहीत...