चिमणराव आपल्या गुजरातचेच!

गोडादऱ्यात आता आपली तिसरी पिढी वाढते आहे. ताप्ती लाइनच्या गाडीने खानदेशातून आलेली आपली माणसे लूमवर आणि मिलमध्ये कामाला लागली. बारा तासांच्या खडखडाटात हसायला वेळ कुठला? तरी घरात हसू होते. आमच्याकडे ते रद्दीतून यायचे.

नाशिकची मावशी पापड-कुरडया 'सकाळ'च्या कागदात गुंडाळून पाठवी. पापड आई डब्यात भरी, कागद आम्ही भावंडे सरळ करीत बसायचो. त्यात 'चिंटू' निघाला की दिवाळी! चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी नोव्हेंबर १९९१ मध्ये सुरू केलेली ही चित्रमालिका. तीत राक्षस नाही, उडणारा वीर नाही. आई-पप्पा, पप्पू, मिनी, बगळ्या आणि शेजारच्या जोशीकाकू. कधी शेवटची चौकट तेलाने पुसलेली असे. मग शेवट आम्हीच जोडायचो.

सरकारी नोकरीत लागल्यावर चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) हाती आले. चिमणराव आणि गुंड्याभाऊ अस्सल पुण्याचे, म्हणून लेखकही पुण्यातच बसून लिहीत असणार, असे आम्ही धरून चाललो होतो. जन्म पुण्याचा खरा, पण नोकरी बडोद्याची! पाली भाषेचे हे विद्वान बडोदा कॉलेजात शिकवीत आणि संस्थानचे दफ्तरही त्यांनी सांभाळले. 'एरंडाचे गुऱ्हाळ' (१९३२) आले ते याच काळात. ज्याचे आयुष्य दप्तरात गेले त्याला कारकून आतून-बाहेरून कळणारच. शिवाय चिमणराव आपली फजिती स्वतःच्या तोंडाने सांगतात. दुसऱ्याला हसणे सोपे असते हो.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी निघाली. तीही याच जातीची. १८९५ मध्ये पती ख्रिस्ती झाले, संसार उसवला. बाई रडल्या, तेही लिहिले आणि स्वतःचे वेडेपण हसत हसत सांगितले.

आमचीही एक फजिती. शिक्षण महापालिकेच्या मराठी शाळेत झालेले. नवीन नोकरीत गुजराती नोंद लिहिताना सवयीने प्रत्येक शब्दावर शिरोरेघ ओढली. साहेबांनी फाइल उंच धरून सगळ्यांदेखत विचारले, "आ दोरी शेनी? कपडां सूकववानी?" दोन दिवस जेवण गोड लागले नाही. ही गोष्ट आम्ही वीस वर्षे घरात सांगितली नव्हती. गेल्या पावसाळ्यात लाइट गेली असताना चिमणरावांच्या थाटात सांगितली. सगळ्यात जास्त हसली ती आमची आई.

मुलगी गुजराती माध्यमात आहे. मराठी बोलते, वाचायचा कंटाळा करते. त्या रात्रीनंतर तिने आपणहून 'चिमणरावांचे चऱ्हाट' काढले आणि पहिल्याच पानावर अडली.

"आजी, चऱ्हाट म्हणजे?"

"दोरखंड गं. आणि लांबत जाणारी गोष्टपण."

मुलगी आमच्याकडे बघून म्हणाली, "पप्पा, मग ही तुमच्या साहेबांचीच दोरी!"

पुस्तक अजून तिच्याच दप्तरात आहे.