मोलोकाईचे स्वयंसेवक

सेवेसाठी आपणहून पुढे आलेल्या माणसाकडे पाहताना एक प्रश्न आपल्या मनात बहुधा डोकावतोच : याला यातून काय मिळवायचे आहे? प्रश्न क्षुद्र वाटला तरी तो अस्थानी नाही. ज्याची सेवा करायची तो दुबळा असतो. त्याच्या दुबळेपणावर स्वतःच्या पुण्याचा वा कीर्तीचा इमला उभारण्याचा मोह सेवकाला होऊ शकतो. हा प्रश्न प्रत्यक्ष संत दामियन यांच्याबद्दलही विचारला गेला होता. त्या इतिहासाची उजळणी आम्ही येथे करू इच्छितो.

हवाई बेटांचा राजा पाचवा कामेहामेहा याने 1865 मध्ये कुष्ठरुग्णांना समाजापासून वेगळे ठेवण्याचा कायदा केला. 1866 च्या जानेवारीत पहिले रुग्ण मोलोकाई बेटावर नेऊन सोडण्यात आले. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला उभा कडा, असे ते भूशिर होते. 1969 पर्यंत सुमारे 8,000 जणांना तेथे धाडण्यात आले. ते स्वेच्छेने आलेले नव्हते. परंतु त्यांच्यापैकी काहींसोबत निरोगी माणसेही आली : कुणाची पत्नी, कुणाचा पती, कुणाची आई. हवाई भाषेत त्यांना ‘कोकुआ’, म्हणजे मदतनीस, म्हणत. मोलोकाईचे पहिले स्वयंसेवक हेच होत.

1873 च्या मे महिन्यात बिशप मैग्रे यांनी आपल्या धर्मगुरूंपुढे या वसाहतीचा विषय काढला. आज्ञा करण्यास त्यांचे मन धजेना. तेव्हा चार धर्मगुरू आपणहून पुढे आले. त्यांनी पाळीपाळीने जावे असे ठरले आणि पहिली पाळी बेल्जियमच्या फादर दामियन यांची आली. वय 33 वर्षे. मुळात हवाईला जाण्याची नेमणूक त्यांच्या थोरल्या बंधूंची होती. ते आजारी पडल्यामुळे दामियन यांनी त्यांची जागा मागून घेतली होती. मोलोकाईवर पोहोचल्यावर त्यांनी तेथेच राहू देण्याची विनंती केली. पुढे त्यांना स्वतःला कुष्ठरोग झाला आणि 15 एप्रिल 1889 रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या मृत्यूला चार महिनेही लोटले नव्हते, तोच होनोलुलूतील एक प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक डॉ. हाइड यांनी एका स्नेह्याला पत्र लिहिले. दामियन खरबरीत, अस्वच्छ व हट्टी होते. त्यांना कुणी पाठविले नव्हते, ते आपल्या मर्जीने गेले होते. वसाहतीतील सुधारणांचे श्रेय त्यांचे नव्हते, असा त्या पत्राचा सूर होता. त्यांच्या चारित्र्यावरही शिंतोडे उडविले होते. ते पत्र छापले गेले. त्याला 1890 मध्ये उत्तर दिले प्रसिद्ध लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी. ते स्वतः कॅथलिक नव्हते. दामियन यांच्या निधनानंतर काही आठवड्यांतच त्यांनी ती वसाहत डोळ्यांनी पाहिली होती. त्यांनी दामियन यांना निर्दोष ठरविण्याचा आटापिटा केला नाही. स्वभावातले दोष त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. मात्र इतर सारे सुखरूप घरात बसले असताना हा माणूस तेथे गेला, हे त्यांनी ठासून सांगितले. 2009 मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी दामियन यांना संत घोषित केले. संतपदासाठी स्वभावाचा गुळगुळीतपणा लागत नाही, हेही त्यातून सिद्ध झाले.

हेतूचा प्रश्न याहून अवघड होतो तो जोसेफ डटन यांच्या बाबतीत. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेला हा सैनिक. संसार मोडला, कित्येक वर्षे मद्यात गेली. 1883 मध्ये त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, काही काळ ट्रॅपिस्ट मठात काढला आणि 1886 मध्ये ते मोलोकाईवर दाखल झाले. गतायुष्याचे प्रायश्चित्त करणे, हा हेतू त्यांनी लपविला नाही. म्हणजे ते आले ते स्वतःसाठीच! दुसऱ्याच्या जखमा हे आपल्या प्रायश्चित्ताचे साधन व्हावे काय?

या आक्षेपात तथ्य आहे, असे आम्हांस वाटते. परंतु जखमा धुताना, सुतारकाम करताना, अनाथ मुलांचा सांभाळ करताना डटन यांची 44 वर्षे सरली. प्रायश्चित्तासाठी आलेला माणूस मुलांसाठी राहिला. जब्दीच्या पुत्रांनीही प्रभूकडे उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागितल्याच होत्या. प्रभूने त्यांची कानउघाडणी केली, पण त्यांना परत पाठविले नाही.

म्हणून हेतू शुद्ध होईपर्यंत सेवा थांबवू नये. हेतू सेवेतच गाळला जातो. मात्र दोन गोष्टी स्वतःला विचारीत राहावे. ज्याची सेवा करतो त्याला माझे येणे हवे आहे काय? आणि कुणी पाहत नसताना मी उद्याही येईन काय? त्या अनाम कोकुआंना हे प्रश्न विचारावे लागले नाहीत. त्यांची नावे बहुतांशी कुठल्याच वेदीवर कोरलेली नाहीत. आपल्या घराघरांतही अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उशाशी असे कुणीतरी बसलेले असते. स्वयंसेवकांची यादी करताना आपण त्यांना विसरू नये.