सरोवराकाठचे दोन इतिहास



स्वित्झर्लंड पाहून आलेला मनुष्य बर्फाचे वर्णन करणार, अशी आपली अपेक्षा असेल. बर्फ आम्हीही पाहिले, पण दुरूनच. संघटनेच्या कामासाठी आम्हांला त्या देशी जावे लागले होते. सप्टेंबरातला एक रविवार मोकळा मिळाला, तो आम्ही ल्युसर्नच्या सरोवरावर घालवला. त्या दिवशी आम्हांला तेथले दोन इतिहास भेटले. पहिला सर्वांना सांगितला जातो, दुसरा मात्र विचारावा लागतो.

ल्युसर्नचा चौदाव्या शतकातला लाकडी पूल १९९३ साली आगीत बराचसा जळाला. लोकांनी तो पुन्हा होता तसा उभा केला. त्याच्याजवळून आम्ही चाकांच्या आगबोटीत बसलो. धुके विरले, आणि उतारावरच्या झाडांची पाने नुकती पिवळी पडू लागलेली दिसली. ब्रुनेनला उतरून श्वीझ गावी गेलो. देशाला नाव मिळाले ते याच गावावरून. तेथे १२९१ सालचा एक लॅटिन चर्मपट जपून ठेवला आहे. तीन खोऱ्यांतल्या लोकांनी त्यात एकमेकांच्या मदतीला धावून जाण्याचे वचन दिले आहे. आमच्यासारख्याला ती एखाद्या संघटनेची सनदच वाटली.

पुन्हा बोटीने फ्ल्यूएलेनला आणि तेथून जवळच्या आल्टडोर्फला आलो. हे उरी प्रांताचे मुख्य गाव. चौकात मुलाच्या खांद्यावर हात ठेवलेल्या विल्यम टेलचा १८९५ सालचा पुतळा आहे. अधिकाऱ्याच्या टोपीपुढे मान न वाकवणारा हा तिरंदाज. त्याची कथा कागदावर आली ती १४७० च्या सुमारास, म्हणजे घटनेचा काळ उलटून दीडशेहून अधिक वर्षांनी. टेल खरोखर झाला, याला समकालीन पुरावा सापडत नाही. तरी पुतळ्याबद्दल आमची तक्रार नाही. लोकांना स्वाभिमानाची मूर्ती हवी असते.

दुपारी आगगाडीने गोशेनेनला निघालो. चढण इतकी, की लोहमार्ग वळसे घेतो आणि वासेन गावचे एकच देऊळ तीनदा दिसते. गोशेनेन हे गॉटहार्ड बोगद्याचे उत्तरेचे तोंड. पंधरा किलोमीटरचा हा बोगदा १८७२ साली सुरू झाला आणि १८८२ साली त्यातून गाड्या धावू लागल्या. ठेकेदार लुई फाव्र याने आठ वर्षांची मुदत पत्करली होती. उशीर झाला तर दर दिवसाला दंड ठरला होता. ठेकेदाराची ती घाई शेवटी मजुरांच्या छातीवर बसली. मजूर बहुतेक इटलीतले होते. आत उष्णता तीस अंशांच्या वर, आणि सुरुंगांचा धूर कोंडलेला. शौचाची सोय नसल्याने अंकुशकृमी पसरला, आणि माणसे पांढरीफटक पडू लागली. सुमारे दोनशे मजूर मेले. स्वतः फाव्रही १८७९ साली बोगद्यातच कोसळून मरण पावला.

१८७५ च्या जुलैअखेर धुराने बेजार झालेले मजूर बाहेर आले. त्यांनी मजुरी वाढवून मागितली आणि बोगद्याचे तोंड अडवले. उरीच्या सरकारने आल्टडोर्फहून बंदूकवाले पाठवले. २८ जुलैला गोळ्या सुटल्या आणि चार इटालियन मजूर ठार झाले. श्रोतेहो, ज्या गावाने मान न वाकवणाऱ्याची कथा आपली म्हणून जपली, त्याच गावाहून ही माणसे निघाली होती! स्वातंत्र्याची सनद खोऱ्यातल्यांची होती. परमुलखातून पोटासाठी आलेला मजूर तिच्यात बसत नव्हता.

संध्याकाळी आम्ही बोगद्यातून पलीकडे ऐरोलोला गेलो. दहा वर्षांचे काम, ते काही मिनिटांत मागे पडले. स्थानकाजवळ व्हिंचेंझो व्हेला या शिल्पकाराचे उठावशिल्प आहे. मजूर आपल्या मेलेल्या सोबत्याला डोलीवरून नेत आहेत. व्हेलाने ते १८८२ च्या सुमारास घडवले, पण ते ब्राँझमध्ये ओतून येथे बसायला १९३२ साल उजाडले. पन्नास वर्षे लागली!

बोरघाटातून येताना आपली मुले बोगदे मोजतात. १८५६ ते १८६३ या काळात तो घाट फोडताना हजारो मजूर मेले. पुढच्या वेळी मुलांना तेही सांगावे, एवढेच आमचे मागणे आहे.