अर्धवाहकातील बाण कोणी पाहिला?

अर्धवाहकाच्या धड्यात इलेक्ट्रॉन एका दिशेला आणि होल, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, उलट दिशेला जाताना बाणांनी दाखवतात. एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, हे बाण कोणी पाहिले? या प्रश्नाचे उत्तर मिळवायला विज्ञानाला बराच काळ लागला.

१९४९ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हेन्स आणि शॉकली यांनी जर्मेनियमच्या कांडीत एका ठिकाणी होलांचा पुंजका सोडला. विद्युतक्षेत्रामुळे तो सरकला आणि काही अंतरावर टेकवलेल्या धातूच्या टोकाने त्याची नोंद केली. लागलेल्या वेळावरून वेग आणि नोंदीच्या रुंदीवरून पुंजक्याचे पसरणे कळले. पण पूर्ण्याहून सुटलेली गाडी हिंगोलीला केव्हा पोचली यावरून वेग काढता येतो, ती वाटेत कोठे रेंगाळली हे कळत नाही. तसेच येथे झाले.

शिवाय सर्वच ऊर्जावाहक विद्युतभारित नसतात. इलेक्ट्रॉन आणि होल परस्परांच्या आकर्षणाने जोडीने फिरू शकतात. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. ही कल्पना रशियन शास्त्रज्ञ फ्रेंकेल यांनी १९३१ साली मांडली. जोडी उदासीन असल्याने ती ऊर्जा वाहते, पण विद्युतप्रवाह वाहत नाही. ती पाहायची तर प्रकाशानेच.

२००४ साली मँचेस्टर येथे गाइम आणि नोवोसेलोव यांनी चिकटपट्टीने ग्राफाइटचा एक अणू जाडीचा थर सुटा केला. २०१० साली मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एकच थर जाड तुकड्यापेक्षा कितीतरी अधिक प्रकाशतो, असे आढळले. इतक्या पातळ थरात एक्सायटॉनची बंधनऊर्जा खोलीच्या तापमानाच्या औष्णिक ऊर्जेच्या दहापट किंवा अधिक असते. म्हणून जोडी सहसा फुटत नाही.

मग लेसरच्या स्पंदाने थरावर एक ठिपका उजळवून तो कसा रुंदावतो याची क्षणाक्षणाची चित्रे घेणे सुरू झाले. २०१८ साली जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथे टंगस्टन डायसल्फाइडच्या थरात असे दिसले, की लेसर प्रखर केला की ठिपका जलद पसरतो आणि पुढे त्याचे कडे होते. मात्र येथे सावध राहायला हवे. मध्यभागी गर्दी झाली की एक्सायटॉन एकमेकांना नष्ट करतात. मधला उजेड घटतो, कडा टिकतात आणि कोणी अधिक धावले नसतानाही ठिपका रुंद वाटतो.

प्रकाश न देणारे वाहकही टिपण्यासाठी बर्कले येथील डेलोर, गिन्सबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०२० साली व्यतिकरणाचा उपयोग केला. समजा, परावर्तित लहरीचा आयाम १ आणि वाहकांनी विखुरलेल्या लहरीचा ०.००१ आहे. विखुरलेली लहर एकटी मोजली तर तीव्रता दशलक्षांश भरते. दोन्ही समान कलेत मिळाल्या तर तीव्रता सुमारे १.००२ होते, म्हणजे हजारात दोनचा फरक. तो मोजता येतो. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळच्या, २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या लायगो-इंडिया प्रकल्पाचा पायाही व्यतिकरणच आहे. तेथे ४ किलोमीटरच्या भुजांमधून गुरुत्वीय लहरींचा वेध घ्यायचा आहे, तर येथे सूक्ष्मदर्शकाखालच्या ठिपक्याचा.

अशा चित्रांतून चालीचा प्रकारही ओळखता येतो. यात्रेच्या गर्दीत धक्के खात भरकटणाऱ्याला दुप्पट लांब पोचायला सरासरी चौपट वेळ लागतो. सरळ वाटेने जाणाऱ्याला दुप्पटच. कोलंबिया विद्यापीठात २०२३ साली रेनियम, सेलेनियम आणि क्लोरीन यांच्या एका थरयुक्त अर्धवाहकात, खोलीच्या तापमानाला, दुसऱ्या प्रकारची चाल दिसली.

म्हणून फळ्यावर बाण काढताना एवढे सांगावे: तो बाण आधी अनुमान होता, आता त्याचे चित्र मिळते, पण ठिपका रुंदावला म्हणजे वाहक धावलेच, असे चित्र पाहूनही लगेच म्हणता येत नाही.