रेघ सपाट दिसली म्हणून…

मंडळी, गोदाघाटावरची व्याख्यानं ऐकतच आम्ही नाशिककर वाढलो. मध्यंतरी एका जुन्या व्याख्यानाची कॅसेट आम्ही संगणकावर उतरवून घेतली. ऑडॅसिटीच्या पडद्यावर वक्त्याच्या आवाजाचे डोंगर दिसले, मग दीड मिनिट सपाट रेघ, मग पुन्हा डोंगर. मधली जागा रिकामी समजून आम्ही ती कापायला निघालो. ही चूक फार जुनी आहे, बरं का.

आवाज आधी कागदावर दिसला, परत ऐकू आला नंतर. पॅरिसमध्ये छपाईचं काम करणाऱ्या स्कॉटनं १८५७ साली फोनोटोग्राफचं पेटंट घेतलं. काजळी धरलेल्या कागदावर आवाजाची रेघ उमटायची. ती परत ऐकवायची सोय त्यात नव्हती. ती सोय एडिसननं केली, १८७७ मध्ये. स्कॉटची १८६० सालची एक रेघ २००८ मध्ये संगणकानं ऐकवली, तेव्हा तो मुलीचा किंवा बाईचा आवाज वाटला. पुढच्या वर्षी कळलं, वेग दुप्पट धरला गेला होता. निम्मा केल्यावर पुरुषाचा आवाज निघाला, बहुधा खुद्द स्कॉटचा. रेघ तीच, मोजपट्टी चुकलेली.

आमचंही तेच झालं. नेहमीच्या रेषीय पट्टीवर अडीचशे पट लहान कंपनाची उंचीही अडीचशे पट कमी, म्हणजे ती दिसतच नाही. आमच्या एका विद्यार्थ्यानं उभी पट्टी डेसिबलवर नेली, मर्यादा ६० ठेवली. तेच कंपन, म्हणजे उणे ४८ डेसिबल, आता कमाल उंचीच्या पाचव्या हिश्शाइतकं दिसू लागलं. यात ध्वनी बदलत नाही, चित्र बदलतं. टेपची खरखरही फुगून दिसते. म्हणून कान लावावाच लागतो.

आवाज वाढवून ऐकलं. मागं बसलेली एक बाई प्रश्न विचारत होती. माईक तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. वक्त्याचं पुढचं बोलणं हे तिलाच दिलेलं उत्तर होतं.

भाट्ट मीमांसक अनुपलब्धीला प्रमाण मानतात, पण एका अटीवर: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात चाचपडत ‘घडा नाही’ म्हणता येत नाही. हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं आणि घरी विसरलो.

या मालेचं शब्दांकन करणाऱ्यांना म्हणून एक विनंती. आता प्रश्नोत्तरं होतील. प्रश्न अर्धाच ऐकू आला, तर तेवढाच लिहा. पण तिथं कुणीतरी बोललं होतं, एवढी नोंद ठेवा.